मामा, तू ते आधी बघायला हवं होतंस

‘स्टार वॉर्स’च्या दुनियेतल्या ‘द मँडलोरियन’ या मालिकेचा दुसरा सीझन संपला तेव्हा मी रडलो होतो. पन्नाशी उलटलेल्या माणसाने हे चारचौघांत सांगू नये, पण रडलो. तोंडावरचं पोलादी शिरस्त्राण कुणासमोरही न काढण्याची शपथ घेतलेला तो शिकारी, त्या मोठ्या कानांच्या हिरव्या पोरासमोर ते उतरवतो. पोर त्याच्या गालाला हात लावतं आणि मग ल्यूक स्कायवॉकरच्या कडेवर बसून विद्या शिकायला निघून जातं. डिसेंबर २०२० होता, बाहेर कोरोना होता, घरातून कुणी हलत नव्हतं, आणि पडद्यावर ही अशी पाठवणी चालली होती. डोळे पुसायला चष्मा काढावा लागला.

मार्च २०२३ मध्ये तिसरा सीझन आला. चहा घेऊन बसलो. पहिल्याच भागात बघतो तर ते पोर मँडोच्या, म्हणजे त्या शिकाऱ्याच्या, यानात, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने बसलेलं!

“हे परत कधी आलं?” मी विचारलं.

“मामा, तू ‘बोबा फेट’ नाही बघितलंस?” भाचा.

“ती वेगळी मालिका ना?”

“हो, पण ते त्यात झालं. तू ते आधी बघायला हवं होतंस.”

मग बघितली. ‘द बुक ऑफ बोबा फेट’, सात भाग. त्यातल्या पाचव्या भागात बोबा फेट पडद्यावर फिरकतसुद्धा नाही, अख्खा भाग मँडोचा. सहाव्यात बोबा येतो आणि एक शब्दही न बोलता जातो. सातव्यात पोर मँडोकडे परत. म्हणजे ज्या पाठवणीला मी रडलो, त्या लेकराचं परत येणं दुसऱ्याच्याच लग्नाच्या व्हिडिओत चित्रित झालं होतं, आणि मला त्या लग्नाचं आमंत्रण आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

एका मालिकेतून दुसरी काढण्याचा हा जो उद्योग आहे, त्याला सगळे स्पिन-ऑफ म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्याच्या नावाने ओरड सुरू झाली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: या लोकांची कल्पनाशक्ती आटली. मला ते पटत नाही. अमेरिकेत लिहिणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. आणि दुय्यम पात्राला उचलून त्याची वेगळी गोष्ट सांगण्याला नाक मुरडायचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही. कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवा उत्तररंगात आख्यान लावतात, ते काय असतं? विदुराच्या घरच्या कण्या, सुदाम्याचे पोहे. महाभारतात विदुराच्या जेवणाला जागा किती, आणि बुवा त्यावर तास-दीड तास काढतात. शिवाजी सावंतांनी १९६७ साली कर्णाला त्याच्या बाजूने बोलू दिलं, आणि मराठी घराघरांत आजही लोक कर्णाच्या वतीने भांडतात. दुय्यम पात्राची गोष्ट सांगणं हा दोष असता तर आपलं निम्मं साहित्य आणि सगळा दशावतार मोडीत काढावा लागेल.

फरक आहे तो असा की कर्ण कुणाच्या मालकीचा नव्हता. ज्याला कर्णाबद्दल काही म्हणायचं होतं त्याने लिहिलं. परवानगी घ्यायला कुठल्या कंपनीकडे जायचं नव्हतं, आणि कर्णावर लिहा म्हणून कुठली कंपनी मागेही लागली नव्हती. टीव्हीवरच्या पात्राचा सातबारा एकाच्या नावावर असतो. त्या जमिनीत काय पेरायचं, कधी पेरायचं हे तो ठरवतो, आणि सध्या तो दर हंगामाला एकच पीक घेतोय.

बरं, हा प्रकार नवा आहे का? मुळीच नाही. नॉर्मन लिअर या निर्मात्याने १९७१ मध्ये ‘ऑल इन द फॅमिली’ आणली. तीसुद्धा एका ब्रिटिश मालिकेवरून घेतलेली. नायक आर्ची बंकर हा कामगारवर्गातला, तोंडाळ, काळ्यांबद्दल, बायकांबद्दल, परक्यांबद्दल वाट्टेल ते बोलणारा बाप. त्याच्या बायकोची मामे-मावस बहीण कुणीतरी मॉड एका भागात येऊन त्याच्याशी कडाकडा भांडली, आणि १९७२ मध्ये तिची स्वतःची मालिका निघाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सत्तेचाळीस वर्षांच्या मॉडने गर्भपात करायचं ठरवलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा गर्भपाताच्या हक्काचा निकाल त्यानंतर दोन महिन्यांनी आला. मॉडच्या घरी काम करणारी फ्लोरिडा ही काळी बाई १९७४ मध्ये ‘गुड टाइम्स’ घेऊन निघाली. आर्चीचे काळे शेजारी १९७५ मध्ये ‘द जेफरसन्स’ घेऊन थेट मॅनहॅटनमधल्या उंच इमारतीत राहायला गेले, आणि मूळ मालिका संपल्यावरही कैक वर्षं चालले, एकूण अकरा सीझन. म्हणजे मोलकरीण निघून गेली, शेजारी निघून गेले, आणि प्रत्येकाने जाताना आर्चीच्या घरातलं भांडण सोबत नेऊन ते आपल्या बाजूने मांडलं. याला मी खुशाल कर्णाच्या पंगतीला बसवेन.

तेव्हा अडचण एकच होती, आणि तीच त्या मालिकांच्या पथ्यावर पडली. वाहिन्या मोजून तीन. पैसा जाहिरातीचा. जाहिरातदाराला दर आठवड्याला नवा प्रेक्षक हवा. ‘द जेफरसन्स’ लावणाऱ्याने ‘ऑल इन द फॅमिली’ बघितलेली असेलच असं धरून चालता येत नव्हतं, कारण चुकलेला भाग हवा तेव्हा परत बघायची सोयच नव्हती. त्यामुळे लेकीला आईच्या नावावर फार तर पहिले चार आठवडे मिळत, पुढचं तिचं तिने बघायचं.

आता पैसा मासिक वर्गणीचा आहे. वर्गणीदाराने एखादी मालिका किती आवडीने बघितली हा प्रश्न दुय्यम. तो पुढच्या महिन्यात टिकतो की नाही हा खरा. आणि टिकवायचा तर एक गोष्ट दुसरीत अडकवून ठेवण्यासारखा उपाय नाही. मँडोचं पोर बोबाच्या घरात, बोबाचा माणूस आणखी तिसऱ्याच्या घरात. भाच्याने मला दिलेला तो गृहपाठ कुणाची चूक नव्हती, ती त्या धंद्याची रीतच आहे. स्पिन-ऑफ जुनाच आहे. बदललं आहे ते भाडं घ्यायची पद्धत.

मालकीचंही बदललं. १९७० साली अमेरिकी दूरसंचार आयोगाने नियम केला होता की मोठ्या वाहिन्यांनी बाहेरच्या निर्मात्यांच्या मालिकांत आणि त्यांच्या पुनर्विक्रीत वाटा ठेवायचा नाही. लिअरसारखे स्वतंत्र निर्माते त्या आडोशाला वाढले. नव्वदीच्या दशकात तो नियम उठला, १९९६ मध्ये डिस्नेने एबीसी वाहिनी घेतली, आणि हळूहळू बनवणारा, दाखवणारा आणि गोदामाचा मालक एकच झाला. गोदामात माल असेल तर बाजारात कोण जातं?

या मालाची गणती करायला बसलो तर हा लेख संपणार नाही, म्हणून थोडक्यात. ‘द वॉकिंग डेड’ला सहा पिल्लं. ‘लॉ अँड ऑर्डर’ १९९० ची, तिची १९९९ ची लेक अजून कामावर आहे. ‘जॅग’ नावाची लष्करी वकिलांची मालिका आता कुणाला आठवते? २००३ मध्ये तिच्याच दोन भागांत नवी मंडळी आणून बसवली, मागच्या दाराने चाचणी घेतली आणि ‘एनसीआयएस’ निघाली. तिला मग लॉस एंजेलिस, न्यू ऑर्लिन्स, हवाई, सिडनी अशी एकेका गावाला एकेक शाखा. आपल्याकडे पतपेढ्यांच्या निघायच्या तशा. ‘सूट्स’ २०१९ साली संपली होती. २०२३ मध्ये ती नेटफ्लिक्सवर अचानक तुफान चालली, लगेच २०२५ मध्ये ‘सूट्स एलए’ आणली, आणि एका सीझनमध्ये गुंडाळली. लोकांना जुनी मालिका आवडली होती, याचा अर्थ मालकांनी ‘अजून वाढा’ असा घेतला.

आणि मालकाला मूळ गोष्टीपासून अंतर नको असतं, हे २९ ऑक्टोबर २०१९ या एका दिवसात दिसलं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ संपली होती. तिच्या हजारो वर्षं आधीच्या काळातली, ओळखीचं एकही पात्र नसलेली एक मालिका ठरत होती. नाओमी वॉट्सला घेऊन पहिला भाग चित्रित झाला होता, खर्च ३ कोटी डॉलरच्या घरात गेल्याचं पुढे बाहेर आलं. त्या दिवशी ती रद्द झाली, आणि त्याच दिवशी ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ला हिरवा कंदील मिळाला. तेच राजघराणं, तेच पांढरे केस, तेच ड्रॅगन, तेच सिंहासन. मी ती बघतो, नाही म्हणत नाही, बरीही आहे. पण रद्द झालेल्या त्या एका भागात काय होतं याचं कुतूहल मला जास्त आहे.

जमलेले स्पिन-ऑफ जवळून बघितले की त्यांत मूळ मालिकेपासून लांब जायची खटपट दिसते. ‘चिअर्स’ ही बॉस्टनमधल्या एका दारूच्या गुत्त्याची गोष्ट. १९८४ मध्ये तिच्या तिसऱ्या सीझनमध्ये फ्रेझर क्रेन नावाचा शिष्ट मनोविकारतज्ज्ञ आला. १९९३ मध्ये ती संपल्यावर त्याची मालिका काढायची ठरली तेव्हा निर्मात्यांनी त्याला देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिअॅटलला नेऊन टाकलं. गुत्त्यातल्या जुन्या गिऱ्हाइकांचा सारखा राबता नको. मग त्याला एक भाऊ दिला आणि एक बाप दिला. बाप निवृत्त पोलीस, कमरेत गोळी लागलेला, हातात काठी. फ्रेझरच्या त्या उंची, नेटक्या दिवाणखान्यात हा बाप आपली जुनी खुर्ची घेऊन येतो. फाटलेली, चिकटपट्ट्या लावलेली, हिरवट-तपकिरी पट्ट्यांची. अकरा सीझन ती खुर्ची तिथेच होती. बापलेकाचं सगळं न जमणं त्या खुर्चीत होतं, संवाद नसले तरी चाललं असतं.

आता गंमत अशी की ‘चिअर्स’मध्ये फ्रेझरने आपला बाप मेला आहे असं सांगितलं होतं! आजचा दक्ष चाहता असता तर याचिका टाकली असती. त्यांनी काय केलं, तर गुत्त्याचा मालक सॅम एकदा सिअॅटलला पाहुणा आला तेव्हा त्याच्या तोंडून हे विचारलं. फ्रेझर ओशाळून म्हणतो की तेव्हा आमचं भांडण झालं होतं, रागात बोलून गेलो. संपलं. एका वाक्यात त्याच्या स्वभावाचा आणखी एक कोपरा उजळला आणि वंशावळीचा मेळही बसला. याच फ्रेझरला २०२३ साली परत बॉस्टनला आणलं, भावाशिवाय. दोन सीझनमध्ये बंद पडलं.

‘बेटर कॉल सॉल’चं त्याहून विलक्षण. ‘ब्रेकिंग बॅड’च्या दुसऱ्या सीझनमध्ये सॉल गुडमन हा भडक सुटातला वकील येतो. तोंड झाकलेली दोन माणसं त्याला रात्री वाळवंटात, खणून ठेवलेल्या खड्ड्यापाशी गुडघ्यावर बसवतात. जीव वाचवायला तो बरळतो: मी नव्हे, तो इग्नासिओ होता! आणि मग, तुम्हाला लालोने नाही ना पाठवलं? दोन नावं, बोलता बोलता फेकलेली, पुढे त्या मालिकेत त्यांचा पत्ता नाही. २०१५ मध्ये स्पिन-ऑफ लिहिताना लेखकांनी ही दोन नावं उचलली आणि त्यांतून दोन जिवंत माणसं केली. इग्नासिओ म्हणजे बापाला वाचवायला धडपडणारा नाचो; लालो म्हणजे हसत हसत मुडदे पाडणारा. शेवटी शेवटी ती वाळवंटातली किंकाळी परत आठवते आणि अंगावर काटा येतो. शिवाय किम वेक्सलर. ही बाई मूळ मालिकेत नाहीच. म्हणजे तिचं पुढे काय झालं हे आपल्याला ठाऊक नाही, आणि त्रेसष्ट भाग आपण त्या धाकात काढतो. या मालिकेला एमीची ५३ नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. परीक्षकांना बहुधा वाटलं असावं की शेवटी काय, स्पिन-ऑफच.

याच्या उलट ठिगळं लावणारा प्रकार. ‘बिग बँग थिअरी’मधला शेल्डन म्हणतो की वडिलांना मी एका परक्या बाईसोबत पाहिलं होतं. ‘यंग शेल्डन’मध्ये ते वडील इतके सज्जन निघाले की आता करायचं काय? तर ती परकी बाई म्हणजे सोनेरी टोप घातलेली त्याची आईच होती, असं निघालं. सोनेरी टोप! त्या मालिकेतला बाप फार चांगला उतरला आहे. मोठेपणीच्या शेल्डनच्या आठवणीशी तो न बोलता वाद घालतो, आणि हाच वाद ती मालिका तोलून धरतो. तो तसाच ठेवायचा. मुलाने बापाला चुकीचं लक्षात ठेवलं यात बिघडलं काय? पण नाही, हिशेब जुळला पाहिजे.

आपल्याकडच्या हिंदी-मराठी मालिकांबद्दल या वादात कुणी बोलत नाही. माझ्या आईचा अभ्यास मात्र दांडगा आहे. ‘कुमकुम भाग्य’ २०१४ ची. तिच्या नायिकेच्या ताटातूट झालेल्या बहिणींची ‘कुंडली भाग्य’ २०१७ मध्ये निघाली, नंतर ‘भाग्य लक्ष्मी’. आईच्या तोंडी यांतलं एकही नाव नसतं, ती “त्या प्रज्ञाच्या बहिणींची” एवढंच म्हणते. पण एक मान्य करावं लागेल. या मालिकांना गृहपाठ लागत नाही. भाजी निवडता निवडता कुणीही मध्येच येऊन बसावं, चार महिन्यांनी यावं, पाच मिनिटांत सगळं कळतं. धक्का बसला की तीनदा चेहरा दाखवतात तो काही उगीच नव्हे. जाहिरातीवर चालणारी गोष्ट नव्या पाहुण्याला दारात उभं ठेवू शकत नाही.

आणि ‘रात्रीस खेळ चाले’. काटेकोर बोलायचं तर ते स्पिन-ऑफ नव्हे, पण इथे आणल्याशिवाय राहवत नाही. २०१६ च्या पहिल्या पर्वात अण्णा नाईक सुरुवातीलाच मरतात. पुढचं सगळं त्यांच्या माघारी वाड्यात काय घडतं त्याचं. २०१९ मध्ये दुसरं पर्व मागे गेलं, अण्णा जिवंत, उग्र, लंपट, आणि समोर शेवंता. मेलेला माणूस अख्ख्या महाराष्ट्राच्या तोंडी बसला. मालवणी न येणारेही अण्णांच्या आवाजात बोलायला लागले. मागे जाण्याचं कारण होतं तेव्हा, कारण ज्याच्या मरणाभोवती गोष्ट फिरली त्याला आपण पाहिलंच नव्हतं. तिसऱ्या पर्वात मग ती दोघं भुतं होऊन आली, तेव्हा आई म्हणाली, “आता यांना सुटका द्या कुणीतरी.” ‘देवमाणूस’ने तर २०२५ मधल्या तिसऱ्या फेरीला नावच ‘मधला अध्याय’ असं दिलं. प्रामाणिकपणाबद्दल मी त्यांना गुण देतो.

या सगळ्यात नुकसान कुणाचं? प्रेक्षकाचं फारसं नाही, त्याच्या हातात रिमोट आहे. नुकसान आहे ते ज्याच्या गोष्टीला आई नाही त्याचं. अमेरिकेत २०२२ मध्ये ५९९ नव्या-जुन्या कथामालिका दाखवल्या गेल्या, २०२३ मध्ये ५१६. त्या वर्षी लेखकांचा संप १४८ दिवस चालला. हात आखडला की आधी कशावर कात्री चालते? ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही त्याच्यावर. पैसा भरपूर असताना एक अनोळखी गोष्ट आणि चार ओळखीच्या असं चालून जायचं. तंगीत ओळखीच्या चारच उरतात. आणि आज कुणी अनोळखी गोष्ट केली नाही, तर वीस वर्षांनी स्पिन-ऑफ तरी कशाचा काढणार? मार्व्हलच्या सुपरहिरो मालिकांचा मारा झाल्याने लक्ष विखुरलं, हे डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीच २०२३ मध्ये कबूल केलं. मालकाच्या तोंडून आलं म्हणून ते खरं मानलं गेलं. प्रेक्षक दोन वर्षं तेच म्हणत होते.

माझी सूचना साधी आहे, कुणी ऐकणार नाही. प्रत्येक स्पिन-ऑफ आधी अशा माणसाला दाखवावा ज्याने मूळ मालिका बघितलेली नाही. त्याला तो कळला नाही तर प्रदर्शित करू नये.

गेल्या दिवाळीत भाचा आला तेव्हा मी ही चाचणी करून पाहिली. “आजीला दाखवता येईल असं तुझ्या त्या स्टार वॉर्समध्ये काही आहे का? काहीच माहीत नसताना?” तो बराच वेळ विचार करत बसला. मग म्हणाला, “‘अँडॉर’. कदाचित.” ‘अँडॉर’ म्हणजे स्पिन-ऑफचाही स्पिन-ऑफ: २०१६ मधल्या एका उपचित्रपटातल्या पात्राच्या आधीच्या आयुष्याची गोष्ट. मला आशा नव्हती. पहिला भाग लावला. आई सोफ्यावर, भाचा शेजारी बसून हळूहळू मराठीत सांगतोय. पाऊस, अंधार, एका गल्लीत दोन पहारेकरी नायकाला अडवतात. झटापटीत एक मरतो. दुसरा हात जोडून गयावया करतो, आणि नायक क्षणभर थांबून त्यालाही गोळी घालतो. भाच्याने सांगायचं थांबवलं.

आईने विचारलं, “मुद्दाम नव्हतं केलं पहिल्याला, हो ना?”

“नाही, आजी.”

“आता हा घरी जाणार,” ती म्हणाली, आणि फराळाचं ताट बाजूला सारून नीट बसली.